ऋण फेडणे आणि ऋण सोडणे : तीन मराठी ग्रंथांतील एका मूल्यद्वंद्वाचा विचार

१

मराठी समीक्षेच्या परिभाषेत ‘ऋण’ हा शब्द प्रामुख्याने दोन ठिकाणी आढळतो. ग्रंथाच्या आरंभीच्या ऋणनिर्देशात तो असतो आणि लेखकावरील पूर्वसूरींच्या प्रभावाची चर्चा करताना तो वापरला जातो. दोन्ही ठिकाणी त्याचा अर्थ कृतज्ञता असा असतो. सावकाराच्या चोपडीतले ऋण या परिभाषेच्या बाहेर राहते. त्याची नोंद ‘ग्रामीण वास्तवाचे चित्रण’ या सदराखाली होते. एकाच शब्दाची ही दोन खाती समीक्षेने वेगवेगळी ठेवली आहेत. परिणामी ऋणाची नैतिक भाषा आणि ऋणाची आर्थिक भाषा यांच्यात कोणता व्यवहार चालतो, हा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारला गेलेला नाही.

हा प्रश्न विचारण्यासाठी ख्रिस्ती मूल्यविचाराची मदत होते, कारण त्याच्या मुळाशी ही दोन खाती एकत्रच आहेत. येशूच्या काळच्या अरामी भाषेत ‘होबा’ या एकाच शब्दाने कर्ज आणि पाप या दोहोंचा बोध होतो. मत्तयाच्या शुभवर्तमानातील प्रभूच्या प्रार्थनेत ग्रीक शब्द स्पष्टपणे कर्जवाचक आहे. लूकच्या पाठात पूर्वार्धात पाप आणि उत्तरार्धात ऋणी असे दोन्ही शब्द येतात. मराठी भाषांतरकारांनी मत्तयाच्या पाठात ‘ऋण’ हाच शब्द ठेवला आणि त्याला ‘सोडणे’ हे क्रियापद जोडले. ही जोडणी महत्त्वाची आहे. मराठीत ऋण फेडले जाते आणि ऋण सोडलेही जाते. परंतु पहिल्या क्रियापदाचा कर्ता ऋणको असतो आणि दुसऱ्याचा धनको.

१९३२ ते १९३६ या पाच वर्षांत आकाराला आलेले किंवा प्रसिद्ध झालेले तीन ग्रंथ या दोन क्रियापदांच्या संदर्भात वाचण्याचा येथे प्रयत्न केला आहे : विनोबांची ‘गीताप्रवचने’, साने गुरुजींची ‘श्यामची आई’ आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. पहिल्या ग्रंथाचा जन्म धुळ्याच्या तुरुंगातला. दुसऱ्याचा लेखक अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होता. तिसरा शेजारच्या नाशिक-नगर परिसरातील ख्रिस्ती जीवनातून आलेला. पहिल्या दोहोंत ‘फेडणे’ केंद्रस्थानी आहे, तिसऱ्यात ‘सोडणे’. आणि या दोन्ही मूल्यांचे आर्थिक देणे कोणी चुकते केले, याचा हिशेब मात्र एकट्या ‘स्मृतिचित्रे’त मांडलेला आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

२

भारतीय परंपरेतील ऋणत्रयाची कल्पना सुपरिचित आहे. मनुष्य देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण घेऊनच जन्माला येतो आणि यज्ञ, अध्ययन व प्रजोत्पादन यांच्या योगे ती फेडतो. या कल्पनेत ऋण ही आपत्ती नाही. माणूस समाजाशी आणि सृष्टीशी बांधलेला असल्याची ती खूण आहे. ऋणी असणे हा म्हणूनच मराठीत गुण ठरतो. मात्र या रचनेत धनको कधीही बोलत नाही. त्याने काय करावे, कोठे थांबावे, याविषयी ऋणत्रयाचा विचार मौन बाळगतो. व्यवहारापुरती मर्यादा घालण्याचे काम धर्मशास्त्रातील ‘दामदुप्पट’ या नियमाने केले. एकरकमी वसुलीत व्याज मुद्दलाहून अधिक होता कामा नये, हा तो नियम मुंबई इलाख्यात ब्रिटिश न्यायालयांनीही मानला. पण मर्यादा घालणे वेगळे आणि सोडून देणे वेगळे.

ख्रिस्ती परंपरेने ज्या यहुदी धर्मग्रंथांचा वारसा घेतला, त्यांत धनकोला थेट आज्ञा आहे. अनुवादाच्या ग्रंथात दर सातव्या वर्षी ऋणमोचन सांगितले आहे. लेवीय ग्रंथात पन्नासाव्या वर्षी गहाण पडलेली जमीन मूळ कुळाकडे परत जाते. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील दाखला याच्याही पुढे जातो. ज्याचे अफाट कर्ज राजाने सोडले, तोच सेवक बाहेर पडताच क्षुल्लक रकमेसाठी आपल्या सोबत्याचा गळा धरतो. ऋणमोचन हा एकदा घडून संपणारा प्रसंग नव्हे, ज्याला सोडले त्यानेही सोडले पाहिजे, असा त्याचा आशय आहे.

हे मूल्य मराठी संस्कृतीला सर्वस्वी परके आहे असे मात्र नाही. वडिलोपार्जित सावकारी असलेल्या तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली आणि भावाच्या वाट्याची तेवढी त्याला दिली, ही कथा वारकरी परंपरेने जपली आहे. धनकोने स्वतःहून सोडण्याचे इतके स्पष्ट उदाहरण आपल्या चरित्रवाङ्मयात विरळा. रेव्हरंड ना. वा. टिळक आपण तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्तापर्यंत पोहोचलो असे म्हणत. त्यांच्या या उद्गाराचा विचार भक्तीच्या अंगाने पुष्कळ झाला आहे. बुडवलेल्या कर्जखतांच्या अंगानेही तो करता येईल.

या विचारावरील एक गंभीर आक्षेपही येथेच लक्षात घेतला पाहिजे. नीत्शेने १८८७ मध्ये नीतीच्या वंशावळीची चिकित्सा करताना जर्मन भाषेत अपराध आणि कर्ज यांचा वाचक शब्द एकच असल्याकडे लक्ष वेधले. ईश्वराने स्वतःच माणसाचे ऋण फेडले या ख्रिस्ती कल्पनेमुळे माणूस मोकळा झाला नाही, उलट त्याचे ऋण अनंत झाले, असा त्याचा आरोप आहे. हा आक्षेप केवळ तात्त्विक नाही. मिशनच्या आश्रयाला आलेल्या माणसांच्या बाबतीत तो सामाजिक वास्तव कसा होतो, हे पुढे पाहू.

३

२१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. सतराव्या अध्यायाच्या विवेचनात विनोबा यज्ञ, दान व तप यांचा नवा अर्थ लावतात. सृष्टी, समाज आणि शरीर या तीन संस्था माणसाला जन्मतःच मिळतात; तो त्या वापरतो, झिजवतो; ती झीज भरून काढणे म्हणजे अनुक्रमे यज्ञ, दान आणि तप. ऋणत्रयाचे हे आधुनिक रूप आहे. येथे प्रजोत्पादनाची जागा श्रमाने घेतली आहे आणि दान म्हणजे उपकार नसून परतफेड, हा विचार देणाऱ्याचा अहंकार काढून घेतो.

या विचाराच्या घडणीत एक ख्रिस्ती धागा आहे. मत्तयाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याचा दाखला येतो. सकाळी कामावर आलेल्याला आणि दिवस मावळताना आलेल्याला मळ्याचा धनी सारखीच मजुरी देतो. या दाखल्यातील शब्द घेऊन रस्किनने अर्थशास्त्रावरील आपल्या निबंधांना शीर्षक दिले. १९०४ मध्ये जोहान्सबर्गहून डरबनला जाताना गांधींनी ते पुस्तक वाचले आणि १९०८ मध्ये ‘सर्वोदय’ या नावाने त्याचा गुजराती गोषवारा लिहिला. वकिलाच्या आणि न्हाव्याच्या कामाचे मोल सारखे, हा त्यातील विचार पुढे विनोबांच्या विचारविश्वाचा भाग झाला. म्हणजे श्रमाविषयीचे ख्रिस्ती मूल्य खानदेशात दोन वाटांनी आले : एक वाट मिशनची, दुसरी सर्वोदयाची.

परंतु या प्रवासात दाखल्यातील एक पात्र मागे पडले, ते म्हणजे मळ्याचा धनी. मूळ दाखल्यात नैतिक कृती त्याची आहे. मजुरी कामाच्या तासांवरून न ठरवता मजुराच्या दिवसाच्या गरजेवरून तो ठरवतो आणि त्याबद्दल कुरकुर करणाऱ्यांना उत्तरही देतो. ‘गीताप्रवचनां’त कर्म करणारा आहे, झीज भरून काढणारा आहे, पण मजुरी ठरवणारा नाही. सारे जग ऋणको झाले आणि धनकोच्या जागी सृष्टी व समाज या अमूर्त संस्था आल्या. ज्या वर्षी ही प्रवचने झाली ते जागतिक मंदीचे वर्ष होते. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळापासून (१८६१-६५) जगाच्या बाजाराशी बांधल्या गेलेल्या खानदेशच्या कापसाचे भाव कोसळलेले होते. त्या वर्षीचा कर्जबाजारी शेतकरी ज्याचे देणे लागत होता, तो धनको अमूर्त नव्हता. विनोबांच्या विवेचनाचे नैतिक सौंदर्य मान्य करूनही ही उणीव नोंदवावी लागते. पुढे १९५१ मध्ये भूदानाच्या निमित्ताने विनोबा स्वतः जमीनमालकाच्या दारात गेले, तेव्हा ती काही अंशी भरून निघाली.

४

फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘श्यामची आई’चे वाचन आपण मातृप्रेमाची कथा म्हणून करतो. तिच्या उत्तरार्धाची संरचना मात्र कर्जाने ठरवली आहे. खोताच्या घराण्याची पडती अवस्था, सावकाराच्या वसुली कारकुनाने दारात येऊन केलेला अपमान, घरावरील जप्तीची दवंडी आणि आईचा मृत्यू अशी ती उतरती मालिका आहे. जमिनीचा तुकडा विकून मोकळे व्हावे हा सल्ला घरात येतो, पण वडिलांना जमीन विकणे अप्रतिष्ठेचे वाटते. कर्जाला नरकाची उपमा देणारे एक संपूर्ण प्रकरण या पुस्तकात आहे.

येथे ऋणाचा सारा नैतिक भार ऋणकोच्या बाजूला आहे. कर्ज का झाले, व्याजाचा दर काय, खोती व्यवस्थेची घसरण कशी झाली, हे प्रश्न कथेच्या बाहेर राहतात. सावकार बहुतांशी अदृश्य असतो; दिसतो तो त्याचा कारकून. त्यामुळे वाचकाचा राग एका उद्धट माणसावर निघून जातो, व्यवहारावर येत नाही. कर्ज हे येथे अब्रूचे प्रकरण होते आणि अब्रू सांभाळण्याची जबाबदारी आईवर येते. जे मूल्य वडिलांच्या प्रतिष्ठेत आहे त्याची किंमत ती आपल्या श्रमांनी आणि शेवटी प्राणांनी देते. साने गुरुजींना हे दिसत नव्हते असे नाही. कथेचे कारुण्य त्यातूनच येते. पण कारुण्य हीच या कथेची सीमा आहे. ते ऋणकोच्या बाजूने रडते, धनकोशी बोलत नाही.

येथे लेखक आणि संहिता यांतील अंतर उद्बोधक ठरते. १९३८ मध्ये याच साने गुरुजींनी पूर्व खानदेशात पिके बुडालेल्या शेतकऱ्यांच्या शेतसारामाफीसाठी चळवळ केली आणि अमळनेरहून ‘काँग्रेस’ हे साप्ताहिक चालवले. ‘सोडा’ ही मागणी येथे थेट सत्तेला उद्देशून आहे. पण मराठी मनाने जपली ती ‘श्यामची आई’. पूर्व खानदेशातले साने गुरुजी स्मरणरंजनाच्या कामाचे नव्हते. ‘फेडणे’ हे मूल्य आपल्या अभ्यासक्रमांत सहज सामावते आणि ‘सोडणे’ अडचणीचे वाटते, याचे हे एक गमक आहे.

५

‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. शेवटचा भाग लक्ष्मीबाईंच्या मृत्यूनंतर आला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले टिळक आणि त्यांच्यामागून पाच वर्षांनी ख्रिस्ती झालेल्या लक्ष्मीबाई यांच्या संसाराची ही कथा तिच्यातील विनोदासाठी आणि भाषेसाठी वाखाणली जाते. अर्थव्यवहाराच्या अंगाने पाहिल्यास ती ‘सोडणे’ या मूल्याच्या घरगुती जमाखर्चाची वही आहे. टिळकांच्या हाती पैसा टिकत नाही. मागेल त्याला देणे, निराधाराला घरी आणणे, उद्याची चिंता न करणे हा त्यांचा स्वभाव धर्मांतरापूर्वीही होता. ख्रिस्ती श्रद्धेने त्याला अधिष्ठान दिले. १९१७ मध्ये ते अमेरिकन मराठी मिशनच्या पगारी सेवेतून मोकळे झाले आणि साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभा केला. सेवा आणि वेतन यांची फारकत करण्याचा हा प्रयत्न होता.

परंतु घरी आणलेल्या माणसाला जेवू घालण्याचे काम लक्ष्मीबाईंचे. टिळक सोडतात आणि लक्ष्मीबाई भागवतात. हे त्या तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत, आणि त्यागाचा गौरव म्हणूनही सांगत नाहीत. घडले ते सांगतात आणि हसतात. या हसण्यात एक चिकित्सा आहे. कोणतेही मूल्य आचरणात येते तेव्हा ते कोणाच्या तरी न मोजलेल्या श्रमांवर उभे असते, हे ती चिकित्सा दाखवते. ‘श्यामची आई’मध्ये प्रतिष्ठेचा खर्च आईने सोसला, ‘स्मृतिचित्रे’त परोपकाराचा खर्च पत्नीने सोसला. फरक असा की दुसऱ्या ग्रंथात खर्च सोसणारीच सांगते आहे. म्हणून तेथे मूल्य पूज्य राहूनही हिशेब दडपला जात नाही.

नीत्शेचा आक्षेप येथे पुन्हा उपस्थित होतो. १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन दुष्काळ (दुसऱ्याला विक्रम संवत १९५६ वरून खानदेशात छपन्याचा दुष्काळ म्हणतात) मिशनांच्या इतिहासात निर्णायक ठरले. अन्न, निवारा आणि शिक्षण देणाऱ्या संस्थेशी जोडले गेलेले नाते हे सावकाराशी असलेल्या नात्याहून निश्चितच माणुसकीचे होते; तरीही ते उपकाराचे नाते होते आणि उपकार हे न फिटणारे ऋण असते. मिशनऱ्यांच्या पालकत्वाच्या वृत्तीविषयी टिळकांच्या मनात जो असंतोष होता, त्याचे मूळ येथे आहे. एतद्देशीय ख्रिस्ती समाजाने स्वतःच्या पायांवर उभे राहावे हा त्यांचा आग्रह म्हणजे ख्रिस्ती मूल्य ख्रिस्ती संस्थेलाच लावून पाहण्याचा प्रयत्न होता.

पंडिता रमाबाईंनी या पेचातून वेगळी वाट काढली. दुष्काळातून आलेल्या मुलींसाठी केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी छापखाना, विणकाम आणि शेती उभी केली. रमाबाईंनी स्वतः केलेले बायबलचे मराठी भाषांतर तेथील स्त्रियांनीच जुळवले, छापले आणि रमाबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. आश्रितेच्या हाती खिळे जुळवण्याचे कसब देणे म्हणजे उपकाराचे रूपांतर कामात करणे होय. माक्स वेबरने १९०४-०५ मध्ये प्रॉटेस्टंट श्रमनीतीची जी मीमांसा केली तिच्यात ईश्वराचे पाचारण आणि माणसाचा व्यवसाय एका शब्दात मिसळतात आणि त्यातून संचयाची वृत्ती जन्मते. मराठी ख्रिस्ती जीवनात ‘पाचारण’ हा शब्द रुजला, पण त्यातून भांडवल जमले नाही; सेवा, शाळा, छापखाना, रुग्णालय यांकडे ते वळले. नवापूर तालुक्यातील चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय हे त्याचे खानदेशातील उदाहरण. वेबरची मीमांसा मराठी ख्रिस्ती वाङ्मयाला जशीच्या तशी लावता येत नाही, ती यामुळे.

६

या विवेचनाचा आजच्या खानदेशशी संबंध काय, असे विचारता येईल. खानदेशात गुढीपाडवा-आखाजीच्या सुमारास सालदार ठरतो. तो आरंभी उचल घेतो आणि वर्षभर राबून ती फेडतो. त्याचे काम हेच कर्जाचे रूप असते. अशा माणसापुढे श्रमप्रतिष्ठेची भाषा बोलताना ती कोणाच्या सोयीची आहे हे विचारावे लागते. १९७२ मध्ये शहाद्याला अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांच्या पुढाकाराने आदिवासींची जी चळवळ उभी राहिली, तिने सालदारांची मजुरी आणि हातातून गेलेल्या जमिनी हे दोन प्रश्न एकत्र मांडले. अंबरसिंग सर्वोदयाच्या वाटेने आलेले होते. द्राक्षमळ्याच्या दाखल्यातून हरवलेला धनी येथे पुन्हा समोर उभा केला गेला. आदिवासींच्या जमिनी परत करण्याविषयीचा १९७४ चा कायदा ‘सोडा’ ही आज्ञा धनकोला करतो. लेवीय ग्रंथातील तरतुदीशी त्याचे साम्य डोळ्यांत भरणारे आहे.

शासकीय भाषेतही हे द्वंद्व चालू असते. आदिवासींना पावसाळ्यात मिळणारे ‘खावटी कर्ज’ २०२० मध्ये ‘खावटी अनुदान’ झाले. शेतकरी चळवळीने ‘कर्जमाफी’ हा शब्द नाकारून ‘कर्जमुक्ती’चा आग्रह धरला, कारण माफी अपराध्याला असते. शासनाने २०१९ च्या योजनेच्या नावात ‘कर्जमुक्ती’ हा शब्द स्वीकारला. अरामी भाषेत एकच असलेले कर्ज आणि अपराध विलग करण्याची ही खटपट आहे. दुसरीकडे सूक्ष्मवित्ताच्या गटकर्जात एका बाईचा हप्ता थकला की गटातल्या दुसऱ्या बायकाच तिच्या दारात उभ्या राहतात. सोबत्याचा गळा धरणाऱ्या सेवकाचा दाखला येथे उलटा होतो : या बायकांना कोणीही काही सोडलेले नसते, तरी वसुलीचे काम त्यांच्याकडे आलेले असते.

बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांचा (१९५२) उल्लेख येथे केला पाहिजे. त्यांत काम हे परतफेड म्हणून येत नाही आणि सेवा म्हणूनही येत नाही. जाते, पेर, मोट ही जगाशी बोलण्याची साधने होतात. पण ही कविता स्वतःची शेती असलेल्या कुणब्याच्या घरातली आहे, सालदाराच्या घरातली नाही. तिचा आधार घेऊन खानदेशातील श्रमाविषयी सरसकट विधाने करणे योग्य होणार नाही.

ख्रिस्ती मूल्ये श्रेष्ठ आणि इतर कनिष्ठ, असा निष्कर्ष या वाचनातून निघत नाही. तुकोबांची बुडवलेली कर्जखते आणि मिशनचा उपकार या दोन्ही गोष्टी तो निष्कर्ष अडवतात. निघते ती वाचनाची एक पद्धत. मराठी संहितेत ऋण, काम किंवा सेवा हा शब्द आला की त्याचे क्रियापद कोणाच्या हाती आहे आणि त्याचा खर्च कोण सोसतो, हे पाहावे. जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांत ‘श्यामची आई’ आणि ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरी सोसायटीचे किंवा खाजगी कर्ज असते. त्यांना आपण ऋणाचा कृतज्ञता हा एकच अर्थ शिकवला, तर त्यांच्या घरातील कर्जाला उरते ती केवळ लाज. ‘सोडणे’ हे क्रियापदही मराठीचेच आहे, आणि ते त्यांच्या वाचनात आणणे हे समीक्षेचे काम आहे.